वकील आणि कुलगुरूंची खुर्ची: इथे दार मिटलं, तिथे उघडलं

१८९० मध्ये गुरुदास बॅनर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. दोनच वर्षांनी मुंबई विद्यापीठात हा मान काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना मिळाला. दोघेही वकिलीतून वर आलेले आणि कुलगुरू झाले तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आजच्या नियमांनी या दोघांचे अर्ज बहुधा छाननीतच बाद झाले असते.

अमेरिकेत उलटं घडलं. तिथे सुरुवातीला कॉलेजं धर्मगुरू चालवत, पुढे प्राध्यापक चालवू लागले आणि गेल्या काही दशकांत कायद्याची पदवी असलेले प्रमुख वाढत गेले. हार्वर्ड, येल, कोलंबिया, प्रिन्स्टन, शिकागो या सगळ्यांनी कधी ना कधी कायद्याच्या माणसाला सर्वोच्च पदावर बसवलं आहे. आपल्याकडे जे दार हळूहळू मिटलं ते तिथे उघडत गेलं. असं का झालं हे बघायला लागलं की विद्यापीठ नावाचं यंत्र आतून कसं चालतं तेही कळतं.

आधी पदांचा गोंधळ दूर करू. आपल्या राज्य विद्यापीठांत कुलपती हे बहुतेक ठिकाणी राज्यपाल असतात, आणि रोजचा कारभार कुलगुरू बघतात. अमेरिकेत कारभार बघणाऱ्याला बहुतेक ठिकाणी प्रेसिडेंट म्हणतात; त्याची नेमणूक विश्वस्त मंडळ करतं आणि तेच त्याला काढूही शकतं. पुढे मी अमेरिकी ‘अध्यक्ष’ म्हणेन तेव्हा आपला कुलगुरूच डोळ्यांसमोर आणावा.

‘वकील’ या शब्दातही निदान तीन-चार वेगळी माणसं दडलेली आहेत. एक रोज न्यायालयात उभा राहणारा, एक न्यायाधीश झालेला, एक कायद्याची पदवी घेऊन राजकारणात गेलेला, आणि एक आयुष्यभर कायदा शिकवलेला, ज्याने कदाचित एकही खटला चालवला नसेल. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांचे ‘वकील अध्यक्ष’ बहुतांशी या शेवटच्या जातीचे. आपले जुने कुलगुरू मात्र पहिल्या दोन जातींचे. बातम्यांत सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात, पण न्यायालयात घासलेला माणूस आणि कायद्याचा प्राध्यापक यांची कामाची धाटणी फार वेगळी असते.

आता जुन्या काळाकडे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं निघाली तेव्हा ती शिकवत नसत. कॉलेजांना संलग्नता द्यायची, अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायच्या, पदव्या वाटायच्या, एवढंच काम. कुलगुरूपद मानाचं होतं, पगाराचं नव्हतं. अधिसभेच्या बैठका चालवणं, नियमांचा मसुदा तपासणं, दोन गटांच्या वादात तोल राखणं हे न्यायालय उठल्यावर करता येण्यासारखं काम होतं, आणि त्यासाठी न्यायमूर्तींइतका योग्य माणूस शहरात दुसरा सापडणं कठीण. सरकारला तो भरवशाचा वाटे आणि लोकांनाही त्याच्याबद्दल आदर असे.

मुंबईत ही परंपरा बराच काळ टिकली. चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९ अशी बारा वर्षं कुलगुरू होते. जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीवर बसून त्यांनी जनरल डायरची उलटतपासणी घेतली तीसुद्धा याच काळात. आजचा कुलगुरू असं दुसरं काम अंगावर घेऊ शकेल का, याची कल्पनाही करवत नाही. पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक आणि उच्च न्यायालयात वकिली केलेले पां. वा. काणे १९४७ ते १९४९ या काळात कुलगुरू होते. भारताचे सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९६७ मध्ये त्याच खुर्चीवर आले. पुण्यात विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं अशी शिफारस करणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. कॉलेजांच्या पातळीवरही हेच दिसतं. १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

या मालिकेत आशुतोष मुखर्जींपाशी जरा थांबायला हवं, कारण वकिली डोकं विद्यापीठाच्या कामी येतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. मुळात ते गणिताचे. १९०४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि न्यायमूर्ती असतानाच १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ कुलगुरू राहिले. १९०४ चा विद्यापीठ कायदा लॉर्ड कर्झनने आणला तो विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करण्यासाठी; त्यावर देशभर टीका झाली. पण त्याच कायद्यात विद्यापीठाला स्वतः प्राध्यापक नेमून शिकवण्याची मुभा देणारी तरतूद होती. मुखर्जींनी ती तरतूद पकडली आणि तिच्या बळावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात रूपांतर केलं. पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन आणि राधाकृष्णन तिथे प्राध्यापक म्हणून आले. सरकारने अडचणीच्या काळात अटी घालून अनुदान देऊ केलं तेव्हा मुखर्जींनी अटींसकट ते नाकारलं. विरोधकाने लिहिलेल्या दस्तऐवजातलं आपल्या उपयोगाचं कलम शोधायचं आणि त्यावर इमारत उभी करायची, हे अस्सल वकिली कसब.

पैसाही वकिलांकडूनच आला. कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयासाठी मोठ्या देणग्या देणारे तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष हे दोघेही नामवंत वकील. हरिसिंग गौर यांनी तर कळसच केला. दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि नंतर नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू राहिलेल्या या बॅरिस्टरांनी १९४६ मध्ये वकिलीत कमावलेल्या संपत्तीतून आपल्या जन्मगावी, सागरला, विद्यापीठ काढलं. मदनमोहन मालवीय १९१९ ते १९३८ बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू होते; वकिली केव्हाच सोडलेली, पण चौरीचौरा खटल्यातल्या फाशीच्या आरोपींसाठी ते पुन्हा अंगात काळा कोट घालून उभे राहिले.

मग दार मिटलं कसं?

कामच बदललं, हे पहिलं कारण. विद्यापीठं शिकवू लागली, संशोधन करू लागली, विभाग, वसतिगृहं, प्रयोगशाळा आल्या. संध्याकाळच्या दोन तासांत हे आटोपणं शक्य नव्हतं. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये आणि पुढे कोठारी आयोगाने कुलगुरू पूर्णवेळ असावा असं सांगितलं. ते रास्तच होतं. दुसरं कारण पात्रतेचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरू होण्यासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेत तितक्या काळाचा अनुभव लागतो. आता याला बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम जोडून वाचा. वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी धरता येत नाही; धरली तर वकिली थांबवावी लागते. कायदा शिकवण्याची सवलत आहे, पण दिवसाला तीन तासांपुरतीच. म्हणजे वकिली करता करता दहा वर्षांचा प्राध्यापकीचा अनुभव गाठीला बांधणं जवळजवळ अशक्य. वकिलांना बंदी असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन वेगवेगळ्या संस्थांचे दोन स्वतंत्र नियम एकत्र आले आणि वाट आपोआप बंद झाली.

एक बाजूची वाट तेवढी उघडी राहिली, ती कायद्याच्या प्राध्यापकांची. उपेंद्र बक्षी दक्षिण गुजरात विद्यापीठाचे आणि नंतर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. एन. आर. माधव मेनन यांनी बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पहिला नमुना उभा केला. आज महाराष्ट्रातच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. पण ती कायद्याच्याच शिक्षणाची ठिकाणं. विज्ञान, वाणिज्य, कला सगळं सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या खुर्चीत कायद्याचा माणूस आता क्वचितच दिसतो.

अमेरिकेच्या गोष्टीची सुरुवात एका अपवादाने होते. धर्मगुरू नसलेला हार्वर्डचा पहिला अध्यक्ष १७०८ मध्ये आला, जॉन लेव्हरेट. तो वकील होता. त्यानंतर अधूनमधून वकील येत राहिले. बॉस्टनचे महापौर राहिलेले जोसाया क्विन्सी १८२९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. रॉबर्ट हचिन्स येलच्या विधी शाखेचे प्रमुख होते आणि १९२९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी त्यांनी तिथला फुटबॉल संघच बरखास्त करून टाकला. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलला काय स्थान आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातलं धाडस कळेल.

तरीही ही सुटी सुटी माणसं होती. लाट आली ती १९६० नंतर, आणि तिचं एक मूळ अलाबामात आहे. १९६० मध्ये तिथल्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहात बसून निदर्शनं केली. कॉलेजने त्यांतल्या काहींना काढून टाकलं. आरोप काय, हे नीट सांगितलं नाही आणि बाजूही ऐकून घेतली नाही. तोपर्यंत अमेरिकी न्यायालयं कॉलेजला पालकाच्या जागी धरत. बाप मुलाला शिक्षा करतो तेव्हा नोटीस देतो का? १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही समजूत मोडली. सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढायचं असेल तर आधी नोटीस आणि सुनावणी द्यावी लागेल, असा तो निकाल होता.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तशाच धर्तीचा निर्णय दिला. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या ठपक्यावरून काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना न ऐकताच रद्द केले होते. घनश्याम दास गुप्ता खटल्यात न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. पण १९७० मध्ये बिहारमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. तिथे आख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली होती. अशा वेळी परीक्षाच रद्द करायची असेल तर एकेका विद्यार्थ्याला नोटीस देण्याची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. हा फरक महत्त्वाचा आहे. कुणा एकावर ठपका ठेवताय की संपूर्ण परीक्षा अविश्वासार्ह ठरवताय, हे आधी ओळखावं लागतं. कायदा जाणणारा प्रमुख हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारतो. इतर ठिकाणी तो सहा महिन्यांनी, न्यायालयाची नोटीस हातात पडल्यावर विचारला जातो.

अलाबामानंतर अमेरिकी विद्यापीठांवर कायद्यांचे थर चढत गेले. १९७२ मध्ये लिंगभेदाविरुद्धचा, १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा, १९८० मध्ये सरकारी पैशातून लागलेल्या शोधांच्या पेटंटचा. प्रवेश, नेमणुका, खेळ, देणग्या, परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा, प्रत्येक टेबलावर कायदा येऊन बसला. पूर्वी विश्वस्त मंडळ अध्यक्ष शोधताना विचारी, याचं विद्वत्तेतलं वजन काय? आता ते हळूच दुसराही प्रश्न विचारू लागलं: खटला आला तर हा डगमगेल का?

वकील अध्यक्षांची खरी कसोटी १९६० च्या दशकाच्या शेवटी लागली. १९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा पोलीस बोलावले गेले आणि सुमारे ७०० जणांना अटक झाली. पुढच्या वर्षी हार्वर्डनेही पोलीस बोलावले. दोन्ही ठिकाणी त्याचे व्रण बराच काळ राहिले, आणि हार्वर्डने १९७१ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडलं ते विधी शाखेचे प्रमुख डेरेक बॉक यांना. शिकागोत १९६९ च्या सुरुवातीला असाच ठिय्या पडला तेव्हा अध्यक्ष होते एडवर्ड लेव्ही, तेही मूळचे विधी शाखेचे प्रमुख. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. कामकाज चालू ठेवलं, विद्यार्थ्यांचं मूळ गाऱ्हाणं प्राध्यापकांच्या समितीकडे दिलं आणि ठिय्या देणाऱ्यांवर विद्यापीठाच्याच शिस्तपालन समितीपुढे सुनावण्या सुरू केल्या. दोनेक आठवड्यांनी विद्यार्थी स्वतःहून बाहेर पडले. आता लेव्ही दयाळू होते असं कुणाला वाटेल, तर तसं नाही: नंतर ४० हून अधिक विद्यार्थी कायमचे काढले गेले. लाठी चालली नाही, पण शिक्षा कडक झाली. हे बरं की वाईट यावर शिकागोत अजूनही दोन मतं आहेत. मला स्वतःला शिक्षा जड वाटते, पण ती देण्याची रीत पटते.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या धुराळ्यानंतर अमेरिकेच्या न्याय खात्यावरचा विश्वास परत आणायला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७५ मध्ये याच लेव्हींना ॲटर्नी जनरल, म्हणजे त्या खात्याचे प्रमुख, केलं.

काही अध्यक्षांच्या वाट्याला खटलेच असे आले की त्यांची नावं कायद्याच्या पुस्तकांत कायमची गेली. ली बोलिंजर मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष असताना १९९७ मध्ये प्रवेशातल्या वांशिक निकषांवरून दोन दावे झाले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधी शाखेची लवचीक पद्धत वैध ठरवली. पदवी प्रवेशात अल्पसंख्याक गटांना सरसकट वीस गुण देण्याची पद्धत मात्र रद्द केली. दोन्ही खटल्यांच्या नावात ‘विरुद्ध बोलिंजर’ आहे. ते स्वतः घटनेचे, विशेषतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे अभ्यासक असल्यामुळे बचावाची मांडणी त्यांच्यासाठी परकी नव्हती. पुढे २०२३ मध्ये हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने प्रवेशातला वांशिक निकष जवळपास मोडीतच काढला, हा भाग वेगळा.

जॅनेट नापोलितानो यांची गोष्ट तर नाट्यमय. मूळच्या वकील, ॲरिझोनाच्या गव्हर्नर, मग ओबामांच्या गृहसुरक्षा मंत्री. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्या तरुणांना हद्दपारीपासून संरक्षण देणारा २०१२ चा आदेश त्यांच्याच सहीचा. २०१३ मध्ये त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने तो आदेश गुंडाळायला घेतला, तेव्हा त्यांच्या विद्यापीठाने त्याच खात्याविरुद्ध दावा ठोकला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला. योजना रद्द करताना सरकारने कारणं नीट तपासली नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं.

आता दुसरी बाजू. ५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हार्वर्ड, एमआयटी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांच्या अध्यक्षा बसल्या होत्या. प्रश्न होता: ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या आचारसंहितेचा भंग ठरतं का? पेनसिल्व्हेनियाच्या लिझ मॅगिल या तिघींतल्या कायद्याच्या. आधी स्टॅनफर्डच्या विधी शाखेच्या प्रमुख. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की ते संदर्भावर अवलंबून आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्याच्या वर्गात या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. टीव्हीवर बघणाऱ्या पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना ते थंड आणि पळपुटं वाटलं. चार दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. हार्वर्डच्या क्लॉडिन गे कायद्याच्या नव्हत्या, त्यांनीही तसंच उत्तर दिलं आणि जानेवारीत त्यांनाही जावं लागलं, त्यामुळे सगळं खापर वकिलीवर फोडता येत नाही. पण वकिली शिक्षणातली एक सवय इथे उघडी पडते. न्यायालयात प्रश्नाचं नेमकं तेवढंच उत्तर द्यायचं असतं, जास्त बोलणारा फसतो. विद्यापीठाच्या प्रमुखाला प्रश्नामागचा राग आणि भीती यांनाही उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक अडचण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या विद्यापीठाकडे स्वतःचा कायदा विभाग असतो. अध्यक्षच वकील असेल तर त्याला वाटतं, हे मीच बघतो. पण अध्यक्ष हा विद्यापीठाचा वकील नसतो, अशील असतो. वकील आणि अशील यांच्यातल्या सल्ल्याला गोपनीयतेचं संरक्षण मिळतं. अध्यक्षाने स्वतःच ईमेलमध्ये लिहून टाकलेल्या कायदेशीर मताला ते मिळेलच असं नाही. उद्या ती ईमेल समोरच्या वकिलाच्या हातात पडू शकते. म्हणून शहाणा वकील अध्यक्ष आपल्याच विधी सल्लागाराच्या कामात नाक खुपसत नाही.

कायद्याची लढाई जिंकलेल्या माणसालाही कॅम्पस नमवू शकतं. जेम्स नॅब्रिट यांनी वॉशिंग्टनच्या शाळांमधलं वांशिक विभाजन संपवणारा खटला १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लढवला आणि जिंकला. १९६० मध्ये ते कृष्णवर्णीयांचं सर्वांत प्रतिष्ठित मानलं जाणारं हॉवर्ड विद्यापीठ चालवू लागले. मार्च १९६८ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. अभ्यासक्रम पुरेसा कृष्णवर्णीय नाही आणि निर्णयांत आम्हाला वाटा नाही, ही त्यांची तक्रार. ज्या पिढीसाठी ते न्यायालयात लढले, तिला न्यायालयाच्या वेगाने वाट बघायची नव्हती.

इकडे आपल्या विद्यापीठांवरही कायद्याचे थर काही कमी नाहीत. माहिती अधिकार आला आणि २०११ मध्ये उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. लैंगिक छळाविरुद्धच्या समित्या, आरक्षित जागांचा क्रम ठरवणारी बिंदुनामावली, संलग्न कॉलेजांचे वाद आहेतच. महाराष्ट्रात तर २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, त्याखालचे परिनियम, अध्यादेश आणि विनियम यांची अशी भिंत आहे की कुलसचिवांच्या टेबलावर रोज कायद्याचाच कागद येतो. आता खुद्द कुलगुरूंच्या नेमणुकाही न्यायालयात पडतात. २०२२ मध्ये केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण शोध समितीने नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव कुलपतींकडे पाठवलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात कुलगुरूपदाचं दार प्राध्यापकांपलीकडे किलकिलं केलं होतं: उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण आणि सार्वजनिक उपक्रम यांत वरच्या पदावर दहा वर्षं काढलेल्या आणि विद्वत्तेचं काम दाखवू शकणाऱ्यांनाही विचारात घ्यावं. त्यावर वादळ उठलं, उद्योगपती विद्यापीठं चालवणार का, असं विचारलं गेलं. वकिलांबद्दल त्या वादात कुणी फारसं बोललं नाही. मसुद्याच्या त्या यादीत वकिली किंवा न्यायासन यांचं नाव नव्हतं; वीस वर्षं शिक्षणाचेच खटले लढवलेल्या वकिलाला अर्ज करायचा झाला तर ‘सार्वजनिक धोरण’ या शब्दांत आपण कसे बसतो, हे त्याला आधी पटवून द्यावं लागलं असतं.